सागरतीरीचा ज्ञानोपासक : डॉ. अर्नेस्ट जस्ट

हस्तिनापुरच्या रंगमंडपात कर्णाने अर्जुनाला द्वंद्वाचे आव्हान दिले, तेव्हा त्याला विचारण्यात आले ते त्याचे कुल. धनुष्यावरील त्याचा हात किती स्थिर आहे, हे त्या क्षणी कोणालाही महत्त्वाचे वाटले नाही. ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे, आणि ती ऐकताना आपल्या मनाला हळहळही वाटली आहे. परंतु असे प्रसंग केवळ पुराणकाळीच घडले असे नाही. विसाव्या शतकात, विज्ञानाच्या क्षेत्रात, जेथे केवळ सत्याचीच पूजा व्हावी अशी आपली अपेक्षा असते तेथेही, एका थोर संशोधकाला हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी आयुष्यभर विचारला गेला. समुद्रातील लहानलहान प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून जीवनाच्या आरंभाचे रहस्य उकलू पाहणारे अमेरिकेतील कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे ते संशोधक होत. त्यांचे चरित्र जितके बोधप्रद, तितकेच हृदयस्पर्शी आहे.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन नावाचे जुने बंदर आहे. तेथे 14 ऑगस्ट 1883 रोजी अर्नेस्टचा जन्म झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन त्या वेळी अवघी अठरा वर्षे लोटली होती. बेड्या गळून पडल्या होत्या, परंतु तिरस्कार गळून पडला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, वस्त्या निराळ्या आणि त्यांच्या वाट्याला येणारी कामेही निराळी, अशी तेथील रीत होती. अर्नेस्टचे वडील आणि आजोबा बंदरातील धक्के बांधण्याच्या व्यवसायात होते. अर्नेस्ट चार वर्षांचा असतानाच वडील निवर्तले, आणि लहान मुलांचा सगळा भार त्याची आई मेरी हिच्यावर येऊन पडला.

ही माउली सामान्य स्त्री नव्हती. ती शिक्षिका होती. परंतु शिक्षिकेच्या तुटपुंज्या वेतनात घर चालेना, म्हणून शेजारच्या जेम्स बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतही तिने कष्टाचे काम केले. एवढ्यावरच ती थांबली नाही. तिने आपल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना एकत्र केले, जमीन घेऊन स्वतःची वसाहत उभारण्यास त्यांना प्रवृत्त केले आणि तेथे मुलांसाठी शाळा काढली. कृतज्ञ रहिवाशांनी त्या वसाहतीला तिचेच नाव देऊन तिला मेरीव्हिल म्हटले. ज्या घरी आई अशी असते, त्या घरी दारिद्र्य असले तरी दैन्य नसते.

अर्नेस्ट लहान असताना त्याला विषमज्वराने गाठले. तो दुखण्यातून वाचला खरा, परंतु ज्वराचा परिणाम असा झाला की, पूर्वी शिकलेले वाचन तो समूळ विसरला. ओळखीची अक्षरे अनोळखी झाली. आईने त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावयास घेतले. एकदा चढून गेलेला डोंगर पायथ्यापासून पुन्हा चढणे किती जिवावर येते, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल. परंतु मुलाने चिकाटी सोडली नाही आणि आईने धीर सोडला नाही. हातचे गेलेले पुन्हा मिळविण्याचा हा पहिला धडा अर्नेस्टला असा घरीच मिळाला, आणि पुढे तो त्याला वारंवार उपयोगी पडावयाचा होता.

तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला ऑरेंजबर्ग येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यालयात पाठविण्यात आले. तेथील शिक्षण संपवून त्याने शिक्षक होण्याची पात्रता मिळविली. त्या काळच्या मानाने एवढे शिक्षण पुष्कळ झाले, असे कोणीही म्हटले असते. परंतु आईच्या मनात मुलाने आणखी शिकावे असे होते. उत्तरेकडील राज्यांत चांगल्या शाळा आहेत, हे ऐकून तिने त्याला घरापासून शेकडो कोस दूर जाऊ दिले. 1900 साली अर्नेस्ट न्यू हॅम्पशायर राज्यातील किंबल युनियन अकॅडमी या शाळेत दाखल झाला. चारही बाजूंना गौरवर्णीय विद्यार्थी, अंगाला न सोसणारी थंडी आणि खिशात पैशांची चणचण, अशा स्थितीत त्याने चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांतच पुरा केला. शाळेच्या नियतकालिकाचे संपादनही त्याने केले. मात्र या काळातच त्याची आई वारली. जिने दोनदा अक्षरओळख करून दिली, तिला मुलाचे यश पाहावयास मिळाले नाही.

1903 मध्ये अर्नेस्टने डार्टमथ महाविद्यालयात प्रवेश घेतला. इंग्रजी, ग्रीक, इतिहास अशा विषयांत त्याची बुद्धी चांगली चाले. परंतु जीवशास्त्राच्या वर्गात त्याला एक निराळेच विश्व दिसले. अंड्याच्या एका पेशीतून संपूर्ण प्राणी कसा घडतो, याचे वर्णन त्याने वाचले आणि त्याच्या मनाने जणू कौल दिला. आपण ज्याला बिंदू म्हणतो, त्या बिंदूत डोळे, हृदय, हातपाय यांची सिद्धता कोठे असते? हा प्रश्न त्याच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. 1907 मध्ये तो मोठ्या सन्मानाने पदवीधर झाला.

आता पुढे काय? एवढ्या गुणवत्तेचा गौरवर्णीय तरुण असता, तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची दारे त्याला उघडी असती. कृष्णवर्णीय पदवीधराला मात्र कृष्णवर्णीयांच्याच महाविद्यालयात अध्यापन करणे, एवढाच मार्ग सामान्यतः मोकळा होता. जस्ट वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. आरंभी त्यांनी इंग्रजी शिकविले. पुढे प्राणिशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले आणि 1912 मध्ये ते त्या विभागाचे प्रमुख झाले. तेथील वैद्यकीय शाळेतही त्यांनी शरीरक्रियाशास्त्र शिकविले. काम अतोनात, साधने थोडी आणि संशोधनाला वेळ जवळजवळ नाहीच, अशी परिस्थिती होती. वर्षाचे बहुतेक महिने अध्यापनात जात. संशोधनासाठी उरे तो केवळ उन्हाळा.

या उन्हाळ्याचे त्यांनी सोने केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी वुड्स होल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे 1888 मध्ये सागरी जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा स्थापन झाली होती. उन्हाळा आला की देशोदेशींचे जीवशास्त्रज्ञ तेथे जमत. समुद्रातून नुकतेच काढलेले प्राणी, वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे यांनी ती जागा गजबजून जाई. या प्रयोगशाळेचे संचालक डॉ. फ्रँक लिली हे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. 1909 च्या उन्हाळ्यात जस्ट तेथे प्रथम गेले. थोड्याच काळात लिली यांनी या तरुणाचे गुण हेरले आणि त्याला आपला साहाय्यक केले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे, एखाददुसरा अपवाद वगळता, प्रत्येक उन्हाळ्यात जस्ट वुड्स होलला जात राहिले.

समुद्रातील प्राण्यांचीच अंडी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे साहजिक आहे. पक्ष्याच्या अंड्यावर कवच असते. सस्तन प्राण्यांचे बीज मातेच्या उदरात दडलेले असते. परंतु समुद्रातील कित्येक प्राण्यांची मादी आपली अंडी आणि नर आपले शुक्रजंतू सरळ पाण्यात सोडतो, आणि फलनाची क्रिया उघड्या पाण्यात घडते. म्हणून काचेच्या लहानशा बशीत समुद्राचे पाणी घेऊन तोच सोहळा डोळ्यांनी पाहता येतो. शिवाय पाण्याची उष्णता, त्यातील क्षारांचे प्रमाण, त्यावर पडणारा प्रकाश यांत थोडा बदल करून त्याचा परिणामही तपासता येतो. जीव आणि त्याच्या भोवतालचे जग यांचा संबंध अभ्यासण्यासाठी याहून सोयीचे साधन सापडणे कठीण.

जस्ट यांनी प्रथम ज्या प्राण्याचा ध्यास घेतला, तो म्हणजे नेरिस नावाचा समुद्रातील एक वलयी कृमी. गांडूळ ज्या संघात मोडते, त्याच संघातला हा प्राणी. एरवी तो समुद्रतळाशी राहतो. परंतु उन्हाळ्यातील काही रात्री नर आणि माद्या तळ सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहत येतात. जस्ट आणि त्यांचे सहकारी हातात कंदील व जाळे घेऊन काळोखात धक्क्यावर बसत. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने प्रकाशाभोवती कृमी गिरक्या घेऊ लागत. आधी लालसर वर्णाचे लहान नर येत, मग आकाराने मोठ्या माद्या. रात्रीमागून रात्री असे बसून, आलेल्या प्राण्यांची नोंद करून लिली आणि जस्ट यांनी 1913 मध्ये दाखवून दिले की, या कृमींच्या झुंडी चंद्राच्या कलांप्रमाणे येतात. पौर्णिमेच्या सुमारास त्यांचे येणे सुरू होई, मध्ये ते ओसरे, पुन्हा वाढे आणि अमावास्येनंतर लवकरच थांबे. आपल्या कोळी बांधवांना तिथीप्रमाणे भरती-ओहोटी ओळखण्याचे ज्ञान परंपरेने असते. समुद्रातील एक क्षुद्र कृमीही आकाशातील चंद्राशी आपले जीवन जुळवून घेतो, हे पाहून मन थक्क होते.

याच नेरिसच्या अंड्यांवर जस्ट यांनी आपला पहिला महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. तो 1912 मध्ये प्रसिद्ध झाला. फलन झाल्यावर अंड्याची एक पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. हा पहिला छेद कोठून जाईल, हे कशावरून ठरते? जस्ट यांनी अंड्यामागून अंडे तपासून असे दाखविले की, शुक्रजंतू ज्या ठिकाणी अंड्यात शिरतो, त्या बिंदूशी या छेदाचा निश्चित संबंध असतो. शुक्रजंतू तर कोठूनही शिरू शकतो. याचा अर्थ असा की, अंड्याच्या पुढील घडणीतील सर्व गोष्टी आधीच ठरलेल्या नसतात. बाहेरून येणारी घटनाही त्या घडणीला दिशा देते. पुढे आयुष्यभर त्यांनी जो विचार मांडला, त्याचे बीज याच लहानशा निबंधात होते.

जस्ट यांची कीर्ती ज्या गुणामुळे झाली, तो गुण म्हणजे त्यांची काटेकोर वृत्ती. समुद्रातून काढलेला प्राणी प्रयोगशाळेत आला की तो त्रासलेला असतो. पाणी थोडे अधिक तापले, भांड्याला रसायनाचा किंचित अंश राहिला, अंडी दाटीवाटीने ठेवली, तर ती बिघडतात. आणि बिघडलेल्या अंड्यांवर केलेले प्रयोग खोटी उत्तरे देतात. म्हणून जस्ट प्रथम निरोगी अंडे कसे असते, ते किती वेळात दुभंगते, याचा अभ्यास करीत. काचेचे प्रत्येक भांडे ते स्वच्छ ठेवीत, पाण्याच्या उष्णतेवर लक्ष ठेवीत. एखाद्या घाणेरड्या भांड्यामुळे निसर्गावर खोटा आळ येऊ नये, अशी त्यांची दक्षता असे. वुड्स होल येथील मोठमोठे शास्त्रज्ञ आपली अंडी नीट वाढत नसली की या कृष्णवर्णीय प्राध्यापकाचा सल्ला घ्यावयास येत. अंडी हाताळण्यात त्यांच्या तोडीचा माणूस तेथे विरळा होता.

या दक्षतेचे फळ त्यांना मिळाले. सँड डॉलर नावाचा चपट्या वाटोळ्या आकाराचा एक समुद्रप्राणी आहे. त्याच्या अंड्यांचे निरीक्षण करीत असताना जस्ट यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. शुक्रजंतू अंड्याला चिकटला की त्या बिंदूपासून अंड्याच्या पृष्ठभागावर बदलाची एक लाट पसरत जाते. शांत तळ्यात खडा पडावा आणि तरंग पलीकडच्या काठापर्यंत जावा, तशी ती लाट अंड्याला वेढून टाकते. त्यानंतर अंड्याभोवती एक पातळ आवरण वर उचलले जाते. हे आवरण पुष्कळांनी पाहिले होते, आणि दुसरे शुक्रजंतू त्यामुळेच बाहेर राहतात अशी समजूत होती. जस्ट यांनी दाखविले की, आवरण उचलले जाण्यापूर्वीच, ती लाट जेथे पोहोचली तेथे, अंड्याने आपले दार लावून घेतलेले असते. एकाहून अधिक शुक्रजंतू आत शिरले तर अंड्याची घडण बिघडते. म्हणून ही तत्परता अंड्याच्या जिवाचे रक्षण करते. 1919 पासून त्यांनी या विषयावर लेखांची एक मालाच लिहिली. पुढे 1976 मध्ये विद्युत्-मापनाच्या सूक्ष्म साधनांनी सी-अर्चिनच्या अंड्यात असाच शीघ्र प्रतिबंध असल्याचे सिद्ध झाले. जे पाहण्यास इतरांना यंत्रे लागली, त्याची चाहूल या संशोधकाला सूक्ष्मदर्शकावर टेकलेल्या आपल्या डोळ्यांनी लागली होती.

सत्यासाठी थोरांशी वाद घालण्याचा प्रसंग आला, तरी ते मागे हटले नाहीत. त्या काळी जॅक लोब या शास्त्रज्ञाचे नाव सर्वत्र गाजत होते. समुद्राच्या पाण्यातील क्षार वाढवून शुक्रजंतूविना सी-अर्चिनच्या अंड्याची वाढ सुरू करता येते, हे लोब यांनी 1899 मध्ये दाखविले होते. पुढे त्यांनी असे प्रतिपादन केले की, यासाठी एकामागून एक अशा दोन निरनिराळ्या प्रक्रिया आवश्यक असतात. जस्ट यांनी त्याच प्रकारचे प्रयोग अधिक काळजीने करून पाहिले आणि अधिक खाऱ्या पाण्याची एकच प्रक्रिया नीट योजली तरी पुरे होते, असे दाखविले. अंडे म्हणजे रसायनांनी भरलेली जड कुपी नव्हे. वाढीची शक्ती त्याच्यातच असते, बाहेरचे कारण तिला केवळ जागे करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रतिष्ठित शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध लिहिणे कोणालाही कठीण. ज्याचे पाय आधीच अस्थिर जमिनीवर आहेत, अशा माणसाला तर ते किती कठीण, याची कल्पना वाचकांनी करावी.

मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. 1915 मध्ये कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने स्पिंगार्न पदक सुरू केले, आणि त्याचे पहिले मानकरी म्हणून जस्ट यांचीच निवड केली. 1916 मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट ही पदवी दिली. 1920 पासून ज्युलियस रोझेनवाल्ड या दानशूर उद्योगपतीच्या साह्याने त्यांना काही वर्षे संशोधनासाठी अर्थसाह्य मिळाले. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांच्या संघटनेने 1930 मध्ये त्यांना उपाध्यक्ष केले. त्यांच्या शोधनिबंधांची संख्या हळूहळू साठ-सत्तरांच्या घरात गेली.

असे असूनही गौरवर्णीयांच्या एकाही मोठ्या विद्यापीठाने त्यांना अध्यापकाची जागा देऊ केली नाही. त्यांच्याहून कमी योग्यतेची माणसे सुसज्ज प्रयोगशाळांतून स्थिर झाली. जस्ट मात्र दर उन्हाळ्यानंतर आपली अंडी, आपला समुद्र आणि आपले अपुरे प्रयोग मागे टाकून वॉशिंग्टनच्या वर्गांकडे परतत राहिले. प्रयोगशाळेत त्यांचा सल्ला मागितला जाई. परंतु प्रयोगशाळेबाहेर सर्वच जण त्यांना बरोबरीच्या नात्याने वागवीत नसत. हातांच्या कौशल्याचा उपयोग करून घ्यावा आणि त्या हातांचा वर्ण मात्र विसरू नये, हा न्याय फार कडू असतो. जन्मावरून माणसाला दूर ठेवण्याचे पाप आपल्या देशातही शतकानुशतके घडले आहे. म्हणून दुसऱ्या देशाला नावे ठेवण्यापूर्वी आपण अंतर्मुख होणे हेच बरे.

1929 च्या आरंभी जस्ट यांच्या जीवनात एक नवे पर्व सुरू झाले. ते इटलीतील नेपल्स येथे गेले. तेथे अँटोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने 1872 मध्ये स्थापलेले सागरी जीवशास्त्राचे विख्यात केंद्र होते. भूमध्य समुद्रातील कृमी आणि वुड्स होलचे कृमी यांची तुलना करण्याच्या हेतूने जस्ट तेथे पोहोचले. काम तर झालेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट त्यांना तेथे मिळाली, ती म्हणजे मोकळा श्वास. नेपल्समध्ये त्यांच्याकडे एक शास्त्रज्ञ म्हणून पाहिले गेले. 1930 मध्ये बर्लिन येथील कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेने त्यांना निमंत्रण दिले. तेव्हापासून ते वारंवार युरोपात जात राहिले. वुड्स होलला मात्र 1930 नंतर ते कधी कामासाठी गेले नाहीत. पुढे 1933 मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली, वंशद्वेष तेथे राजधर्म झाला आणि बर्लिनचे दार त्यांना बंद झाले. मग नेपल्स, पॅरिस आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रोस्कॉफ येथील सागरी केंद्र अशा ठिकाणी त्यांनी आपले कार्य चालू ठेवले. या भटकंतीत पैशांची ओढाताण होती, पहिला संसार मोडल्याचे दुःख होते आणि कायमच्या जागेची आशाही मावळत चालली होती.

या अस्थिरतेतच त्यांचे सर्वांत मोठे कार्य सिद्धीस गेले. 1939 मध्ये त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एकात सागरी प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग करण्याच्या मूलभूत पद्धती सांगितल्या आहेत. कोणता प्राणी कसा हाताळावा, भांडी कशी ठेवावी, निरोगी अंडे कसे ओळखावे, हे सारे तीस वर्षांच्या अनुभवाचे धन त्यांनी त्यात मोकळ्या हाताने वाटले. दुसरा ग्रंथ पेशीच्या पृष्ठभागाविषयी आहे. त्या काळी बहुतेकांचे लक्ष पेशीच्या केंद्रकाकडे आणि त्यातील रंगसूत्रांकडे लागले होते. जस्ट यांनी प्रतिपादन केले की, पेशीचा पृष्ठभाग ही नुसती पिशवी नव्हे. बाहेरचे जग आणि आतले जीवन यांची गाठ तेथेच पडते. बाहेरील बदलांची जाणीव प्रथम त्यालाच होते, आणि पेशीच्या वर्तनात त्याचा वाटा फार मोठा असतो. घराच्या भिंती आणि गाभारा यांनाच घर समजू नये, उंबरठ्यालाही महत्त्व आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार सांगता येईल. परिस्थितीपासून तोडून जीवाचा विचार करता येत नाही, हा या ग्रंथाचा गाभा होय.

1940 मध्ये जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापला. परदेशीयांनी निघून जावे अशी सूचना झाली असतानाही जस्ट हातातील लेखन पुरे करण्यासाठी मागे राहिले होते. त्यांना काही काळ कैद्यांच्या छावणीत ठेवण्यात आले. सुटका झाल्यावर त्या वर्षाच्या सप्टेंबरात ते आपली दुसरी पत्नी हेडविग हिच्यासह अमेरिकेत परतले आणि पुन्हा हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. परंतु देह आतून पोखरला गेला होता. 27 ऑक्टोबर 1941 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय केवळ अठ्ठावन्न वर्षांचे होते. पुढील वर्षी लिली यांनी एका मान्यवर विज्ञान नियतकालिकात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि कृष्णवर्णीय म्हणून घातल्या गेलेल्या मर्यादांमुळे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीवर कारुण्याची छाया पडल्याचे त्यात मान्य केले. शिष्याच्या मृत्यूनंतर गुरूने दिलेली ही कबुली वाचून मन विषण्ण होते.

पुढे कित्येक वर्षे जस्ट यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. रंगसूत्रांतील गुणघटकांचा अभ्यास झपाट्याने पुढे गेला. त्या घटकांचे महत्त्व जस्ट यांनी कमी लेखले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. थोर माणसाच्या चुका लपविल्याने तो अधिक थोर होत नाही. परंतु पेशीच्या पृष्ठभागाविषयी त्यांनी जे सांगितले, त्याची सत्यता कालांतराने पटत गेली. पेशी एकमेकींना कशा ओळखतात, बाहेरचे संदेश आत कसे जातात, भोवतालच्या परिस्थितीचा भ्रूणाच्या वाढीवर काय परिणाम होतो, या प्रश्नांवर आज जगभर संशोधन चालते आणि त्यांत जस्ट यांचे नाव आदराने घेतले जाते. 1983 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले; 1996 मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. ज्याला जिवंतपणी योग्य जागा मिळाली नाही, त्याचे चित्र पत्रांवरून घरोघर पोहोचले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? कष्टाचे फळ नेहमी मिळतेच, असे हे चरित्र सांगत नाही. जस्ट यांनी कष्ट केले, यश मिळविले आणि तरीही त्यांच्यावर अन्याय झाला. तो अन्याय त्यांच्या एकट्याचा तोटा नव्हता. वर्षातील नऊ-दहा महिने समुद्रापासून दूर राहावे लागल्यामुळे जे शोध लागावयाचे राहून गेले, तो साऱ्या मानवजातीचा तोटा होय. एखाद्या मुलाला त्याच्या जन्मामुळे मागे बसविले जाते, तेव्हा आपण काय गमावतो हे आपल्याला कधीच कळत नाही, कारण न लागलेल्या शोधाची नोंद कोठेही होत नसते. आपल्या वर्गात, आपल्या गावात असा कोणी मागे बसलेला नाही ना, हे आपणच पाहावयास हवे.

आणि दुसरी गोष्ट. भोवती एवढी कटुता असतानाही या माणसाने आपल्या कामात कटुता येऊ दिली नाही. भांडे स्वच्छ ठेवावे, अंडे निरोगी असावे, जे दिसले तेच लिहावे, हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. पौर्णिमेनंतरच्या रात्री समुद्रकाठी हातात कंदील घेऊन वाट पाहत बसलेली त्यांची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी. काळोख पुष्कळ होता, कंदील लहान होता. परंतु त्या प्रकाशात जे आले, ते त्यांनी नीट पाहिले आणि जगाला खरे सांगितले.